‘वृष्टी’ची एक तासिका: चित्र, ध्वनी आणि चलचित्रांनी वर्गातील अध्यापन जिवंत कसे करावे

महाराष्ट्रातील कितीतरी शाळांत आता प्रोजेक्टर, स्मार्ट टीव्ही किंवा इंटरॅक्टिव्ह पॅनेल पोहोचले आहे. तरीही अशा अनेक वर्गांत खिडक्या लावून दिवे मालवले जातात, पडद्यावर पाठ्यपुस्तकातलाच परिच्छेद झळकतो, शिक्षक तो वाचून दाखवतात आणि विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात. खडू-फळ्याच्या तासिकेत निदान शिक्षकांचा हात हलत होता आणि आकृती डोळ्यांसमोर रेघेरेघेने उभी राहत होती. अशा ‘डिजिटल’ तासिकेत तेवढेही घडत नाही. साधन वर्गात आल्याने शिकवणे आपोआप जिवंत होत नाही. ते कोणत्या क्षणी दाखवायचे, कुठे थांबवायचे आणि थांबवून काय विचारायचे, हे शिक्षकाने आधी ठरवले असेल तरच त्याचा उपयोग होतो.

१९८४ साली पुण्यात सुरू झालेल्या बालचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवरून घराघरांत आणि शाळांत पोहोचत असत. त्यांत उत्तम चित्रण होते, मेहनतीने तयार केलेल्या आकृत्या होत्या. पण प्रक्षेपण सुरू झाले की ते शिक्षकाला थांबवता येत नसे आणि ‘पुढे काय होईल असे तुम्हांला वाटते?’ हे विचारायला जागा नसे. आज साध्या मोबाइलवरही ती सोय आहे. हा मोठा फरक आहे आणि पुढील सर्व मार्गदर्शन त्याच एका सोयीभोवती उभे आहे.

सर्वच विषयांविषयी मोघम बोलण्यापेक्षा एकच उदाहरण सविस्तर घेतलेले बरे. इयत्ता नववीच्या भूगोलातील ‘वृष्टी’ या पाठातील प्रतिरोध पर्जन्य (डोंगरामुळे पडणारा पाऊस) आणि पर्जन्यछायेचा प्रदेश (डोंगरापलीकडचा कमी पावसाचा भाग) हा भाग येथे निवडला आहे. सह्याद्री आपल्या डोळ्यांसमोर असूनही हा भाग बहुतेक विद्यार्थी पाठ करून टाकतात, त्यामुळे चित्र आणि ध्वनीची खरी गरज येथे आहे.

आधी अडचण शोधावी, मग साधन

पाठटाचण काढताना पहिला प्रश्न ‘कोणता व्हिडिओ दाखवू?’ हा नसावा. या घटकात विद्यार्थी नेमके कुठे अडतात, हे आधी लिहून काढावे. प्रतिरोध पर्जन्याच्या बाबतीत ही जागा ठरलेली आहे. ‘ढग डोंगरावर आदळतात आणि पाऊस पडतो’ किंवा ‘सह्याद्री ढग अडवतो’ ही वाक्ये आपण रोजच्या बोलण्यात इतकी वापरतो की विद्यार्थ्यांच्या मनात डोंगर म्हणजे एक भिंत आणि ढग म्हणजे त्या भिंतीला धडकणारी पाण्याची पखाल, असेच चित्र तयार होते. प्रत्यक्षात बाष्पयुक्त वारे डोंगरउतारावरून वर चढतात, वर हवेचा दाब कमी असल्याने ती हवा प्रसरण पावते, प्रसरणामुळे थंड होते, थंड हवेची बाष्पधारण क्षमता कमी असल्याने सांद्रीभवन होऊन, म्हणजे बाष्पाचे सूक्ष्म जलकण होऊन, ढग तयार होतात आणि मग पाऊस पडतो. पाऊस पडण्यासाठी धडक लागत नाही, हवा वर चढावी लागते.

ही अडचण एकदा स्पष्ट झाली की कोणत्या ठिकाणी पडदा हवा आणि कोणत्या ठिकाणी नको, हे ठरवणे सोपे जाते. जे खडूने दाखवता येत नाही तेच पडद्यावर न्यावे: हालचाल, प्रचंड आकार, दूरचे ठिकाण, फार वेगाने किंवा फार संथपणे घडणारी क्रिया, आणि ध्वनी. व्याख्या, मुद्दे, प्रश्नोत्तरे यांना फळा पुरेसा आहे; किंबहुना फळ्यावर ती अधिक चांगली राहतात, कारण पडद्यावरची स्लाइड पुढे सरकते आणि फळ्यावरचे लिखाण तासिका संपेपर्यंत डोळ्यांसमोर असते. ३५ ते ४० मिनिटांच्या तासिकेत पडदा एकूण दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त वेळ चालू नसावा, असे माझे मत आहे.

पहिले साहित्य: हर्णै ते फलटण उंचीचा छेद

गूगल अर्थ प्रो हे संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर २०१५ पासून मोफत उपलब्ध आहे. त्यातील ‘अ‍ॅड पाथ’ हे साधन घेऊन हर्णैच्या किनाऱ्यावर पहिला बिंदू द्यावा. त्यानंतर महाबळेश्वर, पाचगणी, वाई आणि शेवटी फलटण असे बिंदू देऊन मार्ग जतन करावा. डाव्या बाजूच्या यादीत त्या मार्गाच्या नावावर माउसची उजवी कळ दाबली की ‘शो एलिव्हेशन प्रोफाइल’ हा पर्याय दिसतो. तो निवडताच खाली त्या संपूर्ण मार्गाचा उंचीचा आलेख उघडतो आणि आलेखावरून माउस फिरवला की वर नकाशावर एक बाण त्याच ठिकाणी सरकत जातो. समुद्रसपाटीपासून निघालेली रेघ कोकणच्या पट्टीतून जाताना हळूहळू चढते, सह्याद्रीच्या कड्यापाशी एकदम उभी होते, महाबळेश्वरला सुमारे १,३५० मीटर उंची गाठते, पाचगणीपर्यंत जवळजवळ तेवढ्याच उंचीवर राहते आणि मग वाईकडे सातशे मीटरपर्यंत उतरते. पुस्तकातील त्रिकोणी डोंगरापेक्षा हा आलेख कितीतरी बोलका असतो, कारण त्यावरची प्रत्येक जागा विद्यार्थ्यांच्या ओळखीची असते.

येथे एक काळजी अवश्य घ्यावी. हा मार्ग साधारण १४० किलोमीटर लांबीचा आहे आणि त्यातील सर्वांत जास्त उंची दीड किलोमीटरहूनही कमी आहे. आलेखात उभे प्रमाण आडव्या प्रमाणापेक्षा कितीतरी पट वाढवलेले असते. एक मीटर रुंदीच्या पडद्यावर हा मार्ग खऱ्या प्रमाणात काढला, तर महाबळेश्वर जेमतेम एक सेंटीमीटर उंच दिसेल. हे विद्यार्थ्यांना न सांगता आलेख दाखवला, तर ‘भिंती’चा जो गैरसमज दूर करायचा आहे तोच आपण आपल्या हाताने पक्का करतो. म्हणून आलेख दाखवल्यावर एका विद्यार्थ्याला फळ्यावर एक मीटरची आडवी रेघ मारायला सांगावी आणि तिच्यावर एक सेंटीमीटरचा उंचवटा काढून घ्यावा. एवढ्याशा चढावामुळे एवढा पाऊस पडतो, हे तेव्हा वर्गाला खऱ्या अर्थाने जाणवते.

या आलेखाखाली, त्याच ठिकाणांच्या बरोबर खाली येतील असे, वार्षिक पर्जन्यमानाचे स्तंभ काढावेत. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ५,५०० ते ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेला रस्त्याने जेमतेम वीस किलोमीटरवर असलेल्या पाचगणीला त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. आणि फलटणला तर ५०० मिलिमीटरच्या आसपासच. पाठाचा खरा प्रश्न या दोन चित्रांच्या मध्ये उभा राहतो: महाबळेश्वर आणि पाचगणी यांची उंची जवळजवळ सारखी असताना पावसात इतका फरक का? उंची हेच पावसाचे कारण असते, तर हा फरक पडला नसता. विद्यार्थी येथे खरोखर अडखळतात, आणि त्यांनी अडखळणे हेच आपल्याला हवे असते. हवा वर चढत असताना पाऊस देते. महाबळेश्वर ओलांडून ती पठारावरून आडवी वाहू लागली की तिचे बरेचसे बाष्प पडून गेलेले असते, आणि पुढे वाईच्या दिशेने उतरताना ती आकुंचन पावून उलट तापत जाते. हे उत्तर शिक्षकाने सांगण्याआधी वर्गातून निघावे यासाठी पुढचे साहित्य तयार करायचे.

शाळेतील इंटरनेटवर विसंबून गूगल अर्थ वर्गातच उघडू नये. घरी किंवा कार्यालयात ते उघडून, ओबीएस स्टुडिओसारख्या मोफत सॉफ्टवेअरने आलेखावरून माउस सरकवतानाचे मिनिटभराचे चित्रण करून ठेवावे आणि आलेखाचे एक स्थिर चित्रही वेगळे जतन करावे.

दुसरे साहित्य: पायरीपायरीने पुढे जाणारी आकृती

प्रतिरोध पर्जन्याच्या तयार चलचित्रफिती इंटरनेटवर भरपूर मिळतात. त्यांतील कोणतीही निवडण्याआधी ती आवाज बंद करून एकदा पाहावी आणि ढग केव्हा दिसतो याकडे लक्ष द्यावे. अनेक फितींत समुद्रावरूनच कापसासारखे पांढरे ढग निघतात, तसेच्या तसे डोंगरापर्यंत येतात आणि तेथे थबकून पाऊस पाडतात. अशी फीत कितीही देखणी असली तरी ती वापरू नये, कारण तिच्यात सांद्रीभवनाची पायरीच गाळलेली असते. बाष्प अदृश्य असते आणि ढग चढणीच्या वाटेवर विशिष्ट उंचीला तयार होतो, हे ज्या फितीत दिसते तीच निवडावी.

तशी फीत मिळाली नाही तर ती स्वतः तयार करणे अवघड नाही. पॉवरपॉइंट किंवा मोफत मिळणारे लिब्रेऑफिस इम्प्रेस पुरेसे आहे. मघाच्या उंचीच्या आलेखाचे स्थिर चित्र स्लाइडवर घ्यावे, त्याच्या कडेने डोंगराचा आकार गिरवावा आणि मग मूळ चित्र काढून टाकावे, म्हणजे आपल्याच सह्याद्रीची बाह्यरेषा मिळते. समुद्राच्या बाजूला पाच-सहा निळे बाण ठेवून त्यांना अ‍ॅनिमेशनमधील ‘मोशन पाथ’ने उतारावरून वर न्यावे. निम्म्या उंचीपर्यंत केवळ बाणच दिसावेत. त्यानंतर ‘फेड’ या परिणामाने ढग हळूहळू उमटावा, मग पावसाच्या रेषा, आणि पलीकडच्या उतारावर उतरणारे बाण फिकट तांबूस व्हावेत. प्रत्येक पायरी वेळेवर आपोआप न सोडता माउसच्या टिचकीवर ठेवावी. आपोआप चालणारी आकृती वर्गाच्या पुढे धावते, तर टिचकीवर चालणारी आकृती वर्गासाठी थांबते; शिकवण्याचा वेग शिक्षकाच्या हातात राहतो तो एवढ्या एका निर्णयामुळे.

बाण आणि रंग निवडताना वर्गात लाल-हिरवा भेद न दिसणारा विद्यार्थी असू शकतो, हे ध्यानात ठेवावे. निळा आणि नारिंगी ही जोडी त्याला सहसा वेगळी ओळखता येते. शिवाय चढणाऱ्या हवेला भरीव बाण आणि उतरणाऱ्या हवेला तुटक बाण दिला तर केवळ रंगावर अवलंबून राहावे लागत नाही.

तिसरे साहित्य: बाटलीतला ढग, आणि तो पाहणारा मोबाइल

पडद्यावरची आकृती शेवटी आकृतीच असते. हवा प्रसरण पावली की थंड होते, हे विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष पाहिले पाहिजे, आणि ते पाहण्याचा प्रयोग अत्यंत साधा आहे. एक लिटरची पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, तिच्यात दोन-तीन चमचे कोमट पाणी घालून ती हलवावी, विझवलेल्या काडीचा किंचित धूर आत घ्यावा आणि झाकण घट्ट लावावे. आता बाटली दोन्ही हातांनी जोरात दाबून धरावी आणि एकदम सोडावी. सोडताच आत पांढुरके धुके दिसते, पुन्हा दाबले की ते नाहीसे होते. दाब कमी झाल्याने हवा प्रसरण पावते, थंड होते आणि धुराच्या सूक्ष्म कणांवर बाष्प साचून ढग बनतो. सह्याद्रीच्या चढावर हेच घडते.

अडचण एवढीच की पन्नास-साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात हे धुके पहिल्या दोन बाकांपलीकडे कोणालाही दिसत नाही, आणि सर्वांना टेबलाभोवती बोलावले तर पाच मिनिटे गोंधळात जातात. येथे मोबाइलचा कॅमेरा कामाला येतो. बाटलीमागे काळा कार्डबोर्ड उभा करावा, विजेरीचा झोत बाजूने सोडावा, मोबाइल पुस्तकांच्या गठ्ठ्यावर आडवा टेकवून कॅमेरा सुरू करावा आणि फोनचा पडदा टीव्हीवर दाखवावा. स्मार्ट टीव्ही असेल तर फोनमधील ‘कास्ट’ किंवा ‘स्क्रीन मिररिंग’ हा पर्याय वापरता येतो; प्रोजेक्टर असेल तर केबल लागते, मात्र प्रत्येक फोन केबलमधून चित्र पाठवू शकतोच असे नाही, म्हणून ही जोडणी आदल्या दिवशी तपासावी. ती जमलीच नाही तर प्रयोगाचे संथगती चित्रण करून संगणकावर घ्यावे आणि वर्गात आधी प्रत्यक्ष प्रयोग करून मग ते दाखवावे. हा क्रम उलटा करू नये. प्रत्यक्ष बाटली आधी दिसली तरच पडद्यावरच्या बाटलीवर विश्वास बसतो.

विज्ञान, गणित किंवा भाषा शिकवणाऱ्यांनाही ही युक्ती तितकीच उपयोगी आहे. कंपासने कोन दुभागणे, फुलाचे विच्छेदन किंवा सुंदर हस्ताक्षरातील एका अक्षराचे वळण, यांसाठी टेबलावर रोखलेला फोन कोणत्याही तयार फितीपेक्षा चांगला. तयार साधने हवीच असतील तर गणितासाठी जिओजेब्रा, भौतिकशास्त्र-रसायनासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट ही प्रतिरूपे (सिम्युलेशन) आणि आकाशनिरीक्षणासाठी स्टेलॅरियम ही तिन्ही मोफत आहेत. फेटची अनेक प्रतिरूपे मराठीतही मिळतात आणि ती उतरवून घेतली की इंटरनेटविना चालतात.

चौथे साहित्य: माणसांचा आवाज

ध्वनीचा वापर वर्गात फार कमी होतो. पर्जन्यमानाचे आकडे विद्यार्थी विसरतात. पण कोकणातल्या महाड-पोलादपूरकडची आजी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, तयारी कशी करायची, चार महिन्यांची लाकडे कुठे रचायची, इरले घेऊन लावणीला कसे जायचे हे सांगते, आणि लगोलग पर्जन्यछायेतल्या माण-खटावमधला शेतकरी टँकरच्या वाटेकडे डोळे लावून काढलेल्या दिवसांविषयी आणि चारा छावणीविषयी बोलतो, तेव्हा मिलिमीटरमधला फरक माणसांच्या आयुष्यातला फरक म्हणून कानावर पडतो.

असे दोन आवाज, प्रत्येकी चाळीस-पन्नास सेकंदांचे, मिळवणे फारसे अवघड नाही. वर्गातील विद्यार्थ्यांच्या नातेवाइकांत ते सापडतात. ध्वनिमुद्रणासाठी मोबाइलचा रेकॉर्डर पुरतो. पंखा बंद करावा, फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा आणि प्रश्न असा विचारावा की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देताच येणार नाही. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हवा तेवढा तुकडा कापता येतो, मागची घरघर कमी करता येते आणि दोन्ही आवाजांची पातळी सारखी करता येते. बोलीतले शब्द मात्र कापू किंवा बदलू नयेत. आवाज ऐकवताना पडदा पूर्ण काळा ठेवावा. पॉवरपॉइंट किंवा इम्प्रेसचे सादरीकरण चालू असताना ‘बी’ ही कळ दाबली की पडदा काळा होतो आणि पुन्हा दाबली की स्लाइड परत येते. या एका कळीची सवय लागली की पडदा सतत झळकत ठेवण्याची गरज उरत नाही, आणि विद्यार्थ्यांची नजर शिक्षकांकडे वळते.

स्लाइडवर काय असावे आणि काय नसावे

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि शब्द एकत्र कसे शिकले जातात यावर दीर्घकाळ प्रयोग केले. त्यातून हाती आलेली एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावी: चित्रासोबत बोललेले शब्द ऐकताना शिकणे चांगले होते, पण तेच शब्द पुन्हा पडद्यावर लिहून दाखवले तर ते बिघडते, कारण डोळे चित्र सोडून अक्षरांच्या मागे लागतात. म्हणून ज्या स्लाइडवर चित्र आहे तिच्यावर वाक्य नको. ठिकाणाचे किंवा भागाचे नाव पुरे. कर्णबधिर किंवा कमी ऐकू येणारा विद्यार्थी वर्गात असेल तर नियम बदलतो. त्याच्यासाठी फितीला मराठी मथळे (सबटायटल) हवेत आणि निवेदनाची छापील प्रत त्याच्या हाती आधीच द्यावी. दृष्टिबाधित विद्यार्थ्यासाठी शिक्षकाने चित्राचे वर्णन शब्दांत करावे. ‘येथे पाहा’ याऐवजी ‘डावीकडे समुद्र आहे, मध्ये उंच कडा आहे’ असे बोलण्याची सवय सर्वच विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडते.

देवनागरीबाबत आणखी थोडे. आपल्या लिपीत उकार खाली आणि वेलांटी-मात्रा वर येतात, जोडाक्षरांत रेषा दाटतात. त्यामुळे इंग्रजी स्लाइडला जो अक्षरांचा आकार पुरतो तो मराठीला पुरत नाही. अक्षरे निदान ३२ पॉइंट आकाराची असावीत आणि ओळींतील अंतर दीडपट ठेवावे. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा मोफत युनिकोड फॉन्ट वापरावा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये तयार केलेली स्लाइड दुसऱ्या संगणकावर उघडली की निरर्थक चिन्हांची रांग दिसते, आणि हे नेमके वर्गात उभे असताना कळते. सादरीकरणाची पीडीएफ प्रतही पेन ड्राइव्हवर घ्यावी. तिच्यात हालचाल दिसणार नाही, पण अक्षरे शाबूत राहतील. सर्व तयार झाल्यावर रिकाम्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून प्रत्येक स्लाइड वाचून पाहावी. जी वाचता येत नाही ती दुरुस्त करावी किंवा काढून टाकावी.

वर्गाची मांडणी

वर्ग पूर्ण अंधारा करू नये; केवळ पडद्यावर थेट उजेड पाडणारी खिडकी झाकावी, म्हणजे वहीत लिहिणे आणि एकमेकांचे चेहरे पाहणे दोन्ही शक्य होते. व्हीजीए केबलमधून आवाज जात नाही, त्यासाठी वेगळी तार लागते. एचडीएमआयमधून तो जातो, पण कधी कधी संगणकात ध्वनीचे उपकरण बदलावे लागते. स्पीकर फळ्यापाशी न ठेवता वर्गाच्या मध्यावर ठेवला तर मागच्यांना ऐकू जावे म्हणून पुढच्यांचे कान किटवावे लागत नाहीत. विंडोज संगणकावर ‘विंडोज’ आणि ‘पी’ या कळा एकत्र दाबल्या की पडदा जोडण्याचे पर्याय समोर येतात. वीज जाणारच असे धरून चालावे आणि आलेख व स्तंभ यांची एक मोठी छापील प्रत फळ्यामागे तयार ठेवावी.

प्रत्यक्ष तासिका

पहिली पाच मिनिटे पडदा बंद ठेवावा. फळ्यावर महाबळेश्वर, पाचगणी आणि फलटण ही तीन नावे लिहून कुठे सर्वांत जास्त आणि कुठे सर्वांत कमी पाऊस पडत असेल, याचा अंदाज प्रत्येकाने कारणासह वहीत लिहावा. अंदाज लिहून झाल्याशिवाय काहीही दाखवू नये. ज्याने आपले मत कागदावर मांडले आहे तोच पुढचे चित्र उत्सुकतेने पाहतो.

त्यानंतर उंचीच्या आलेखाचे चित्रण सुरू करावे आणि बाण महाबळेश्वरला पोहोचताच थांबवावे. आता माथ्यावरून पूर्वेकडे काय दिसेल, असे विचारावे. बहुतेक विद्यार्थी एकदम खोल उतार सांगतात. चित्रण पुढे नेल्यावर पाचगणीपर्यंतचे पठार पाहून त्यांना आश्चर्य वाटते. व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ई’ कळ दाबली की चित्र एकेक चौकट पुढे सरकते आणि कड्यापाशी हा संथपणा फार उपयोगी पडतो. नंतर पर्जन्यमानाचे स्तंभ दाखवावेत आणि पाचगणीचा प्रश्न फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून पडदा काळा करावा.

याच ठिकाणी चार पर्यायांचा एक प्रश्न द्यावा: पाचगणीला पाऊस कमी पडतो कारण तेथे उंची कमी आहे, ढग महाबळेश्वरला अडतात, हवा तेथे आणखी वर चढत नाही, की समुद्र दूर आहे? विद्यार्थ्यांनी एक ते चार बोटे छातीशी धरून एकाच वेळी उत्तर द्यावे, म्हणजे शेजाऱ्याकडे पाहून हात वर करणे टळते. प्लिकर्स हे अ‍ॅप वापरायचे असेल तर विद्यार्थ्यांकडे कागदी कार्डे असतात आणि शिक्षकांचा एकच फोन ती सर्व टिपून घेतो. विद्यार्थ्यांच्या हाती मोबाइल द्यावा लागत नाही. उत्तरांत मतभेद दिसला की बरोबर उत्तर न सांगता दोन मिनिटे शेजाऱ्याशी चर्चा करू द्यावी आणि पुन्हा मत घ्यावे. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात ही रीत रूढ केली. ती आपल्या वर्गांत सहज रुजते, कारण शेजाऱ्याशी बोलण्याची परवानगी मिळाली की गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात.

आता बाटलीचा प्रयोग, आणि लगेच टिचकीवर चालणारी आकृती. आकृतीच्या प्रत्येक पायरीआधी थांबून ‘आता हवेचे काय होईल?’ हे विद्यार्थ्यांकडूनच वदवून घ्यावे; त्यांनी प्रसरण, थंड होणे, सांद्रीभवन असे म्हटल्यावरच टिचकी द्यावी. ढग उमटतो तो त्यांच्या वाक्यानंतर. शेवटी पडदा काळा करून दोन्ही आवाज ऐकवावेत आणि त्यानंतर अर्धा मिनिट काहीही बोलू नये.

उरलेल्या वेळात व्याख्या आणि आकृती वहीत काढून घ्यावी. जाताना प्रत्येक विद्यार्थ्याने ‘सह्याद्री ढग अडवतो’ या वाक्यात काय चुकले आहे, हे एका चिठ्ठीवर दोन ओळींत लिहून द्यावे.

परवानगी आणि जपणूक

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वर्गात एखादी कृती वापरण्यास मुभा आहे. परंतु तीच सामग्री आपल्या नावाने यूट्यूबवर चढवणे या मुभेत बसत नाही. चित्रांसाठी विकिमीडिया कॉमन्ससारखा संग्रह वापरावा आणि चित्रकाराचे नाव व परवान्याचा प्रकार स्लाइडच्या कोपऱ्यात लिहावा; हे पाहून विद्यार्थ्यांनाही तशी सवय लागते. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमधून उघडणारे दीक्षा अ‍ॅपवरील साहित्य उतरवून ठेवता येते. आवाज देणाऱ्या आजींना त्यांचा आवाज वर्गात ऐकवला जाईल हे आधी सांगावे. विद्यार्थ्यांचे चेहरे दिसतील असे चित्रण पालकांच्या संमतीविना कोणत्याही व्हॉट्सअ‍ॅप समूहावर टाकू नये.

त्याच दिवशी संध्याकाळी चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करावेत: ज्यांना हवेचे वर चढणे आणि थंड होणे दोन्ही कळले, ज्यांना केवळ वर चढणे कळले, आणि ज्यांच्या मनातील भिंत अजून तशीच आहे. दुसरा गठ्ठा मोठा असेल तर पुढच्या तासिकेत बाटली पुन्हा काढावी, या वेळी विद्यार्थ्यांच्याच हातात देऊन. तिसरा मोठा असेल तर दोष बहुधा आकृतीत असतो: ढग फार लवकर उमटला का, डोंगर फार उंच काढला का, हे तपासून ती स्लाइड त्याच रात्री बदलावी आणि फाइलला तारीख घालून जतन करावी, म्हणजे पुढच्या वर्षी जुनी प्रत चुकून उघडली जाणार नाही.